वेताळ टेकडीवरचा झाडीतला सोपा फेरा: चढ चालत, पठारावर धावत

ताई, तुमच्या प्रश्नाचा गाभा असा: वय ४६, राहायला कोथरूडला, दिवसभर बसून काम. कॉलनीतल्या डांबरी रस्त्यावर धावायला सुरुवात केली, पण दोन-तीन आठवड्यांतच पोटऱ्या भरून यायला लागल्या आणि गुडघ्याच्या वाटीभोवती दुखायला लागलं. वेताळ टेकडीवर झाडीतून मातीच्या वाटा आहेत, तर तिथे नवख्या माणसाला झेपेल असा फेरा कोणता, तो कसा धावायचा, आणि डिसेंबरातल्या दहा किलोमीटरच्या शर्यतीत नाव घालायचं का? मी या टेकडीवर बरीच वर्षं धावतो आहे आणि चाळिशीनंतर धावायला लागलेल्यांना शिकवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी टेकडीचा घाट समजून घ्या. पुणे शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे आणि वेताळाचं देऊळ सुमारे ८०० मीटरवर. म्हणजे कोथरूड, लॉ कॉलेज रस्ता, गोखलेनगर, पाषाण, कुठूनही निघालात तरी बराच उभा चढ चढल्याशिवाय वर पोचता येत नाही. वर मात्र लांबरुंद पठार आहे, त्याला हलके चढउतार आहेत आणि गिरिपुष्पाची दाट झाडी आहे. टेकडीवर सोपं धावायचं ठिकाण म्हणजे हे पठार. बहुतेक नवखे पायथ्यापासूनच धावत सुटतात. वर पोचेपर्यंत दमतात, पठारावर रेंगाळतात आणि घरी जायची घाई म्हणून उतार धावत उतरतात. म्हणजे जिथे चालायचं तिथे धावतात आणि जिथे धावायचं तिथे थांबतात. तुमच्यासारखी गुडघ्याच्या वाटीची तक्रार असेल तर या क्रमाने ती वाढणारच.

म्हणून माझं पहिलं सांगणं: चढ आणि उतार धावण्यात धरूच नका. एकतर पायथ्यापासून सावकाश चालत वर या आणि ती पंचवीस-तीस मिनिटं अंग गरम करण्याची समजा, नाहीतर गाडीने एआरएआयच्या (टेकडीवरच्या वाहन संशोधन संस्थेच्या) फाटकापर्यंत वर या आणि तिथून सुरुवात करा. पहिले दोन महिने मी दुसरा पर्याय सुचवेन. गाडीने टेकडीवर जाणं काही जणांना पटत नाही, पण तुमचा गुडघा सध्या दुखरा आहे आणि त्याला रोज दोनशे मीटरचा उतार उतरायला लावण्यात अर्थ नाही.

आता फेरा. एआरएआयच्या बाजूने वन विभागाच्या हद्दीत शिरल्यावर रुंद मुरमाची वाट लागते. ती सोडायची नाही. जुनी दगडाची खाण लागेल, तिच्या काठापासून चांगलं अंतर ठेवा. कडा ठिसूळ आहे आणि खाली पाणी असतं. खाण मागे टाकून वाट वेताळाच्या देवळाच्या दिशेने जाते. देवळापाशी शेवटचा तुकडा चढाचा आहे. तुम्ही तो सध्या गाळा. चढ सुरू व्हायच्या आधी एखादी आडवी, झाडीत शिरणारी पायवाट धरा आणि पठाराच्या मधूनच पुन्हा रुंद वाटेवर या. पायवाटा पुष्कळ आहेत आणि त्या एकमेकींना मिळतात. पहिल्या दोन खेपांना हा फेरा नुसता चाला. कुठे मुळं वर आली आहेत, कुठे सुटी खडी आहे, कुठे फांदी डोळ्यांच्या उंचीवर येते हे पाहून ठेवा. कोणता फाटा घ्यायचा याची खूण मनात पक्की करा. झाडीत सगळ्या वाटा सारख्या दिसतात, आणि दमलेल्या माणसाला तर आणखीच सारख्या.

किती किलोमीटर, हे मी मुद्दाम सांगत नाही. फेरा मिनिटांत मोजा. चालत जो फेरा तीस ते पस्तीस मिनिटांत होतो तो तुमचा. त्याहून मोठा वाटला तर आतला फाटा घ्या, लहान वाटला तर एखादा वळसा वाढवा. मातीच्या वाटेवर किलोमीटरमागे किती मिनिटं लागली हा आकडा निरुपयोगी आहे. डांबरावर तुम्ही ज्या गतीने धावता तीच गती टेकडीवर ठेवायला गेलात तर धाप लागेल, कारण पाऊल सारखं बदलावं लागतं, थोडं घसरतं, थोडं वळतं. घड्याळातली गतीची चौकट बंद करून ठेवा.

यानंतर मी ज्याला सगळ्यात जास्त महत्त्व देतो ती गोष्ट, श्वास. १९६२ सालच्या अखेरीस अमेरिकेतल्या ओरेगॉन विद्यापीठाचे प्रशिक्षक बिल बावरमन न्यूझीलंडला गेले होते. तिथले प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड त्यांना ऑकलंडच्या कॉर्नवॉल पार्कमध्ये घेऊन गेले. ही बागही आपल्यासारखीच, शहराच्या मधोमध टेकडीच्या अंगाखांद्यावर पसरलेली. तिथे साध्या नागरिकांची एक मंडळी हळूहळू धावायला जमायची; त्यांत हृदयविकारातून उठलेली माणसंही असत. बावरमन तेव्हा ५१ वर्षांचे, ऑलिंपिकपटू घडवणारे. पण स्वतः ते धावत नव्हते. पहिल्याच चढाला ते मागे पडले. सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ त्यांच्यासाठी गती कमी करून, गप्पा मारत त्यांच्या बाजूने धावत राहिले. बावरमन परत जाऊन यूजीन शहरात सामान्य लोकांना जॉगिंग शिकवू लागले आणि अमेरिकेत ती लाट पसरली. मला या हकिकतीत तो गप्पा मारणारा म्हातारा महत्त्वाचा वाटतो. त्याला बोलता येत होतं, म्हणून तो सोपं धावत होता. तुम्हालाही तेच माप लावायचं आहे. धावता धावता आठ-दहा शब्दांचं वाक्य न तुटता बोलता आलं पाहिजे. दर दोन-तीन शब्दांना श्वास घ्यावा लागत असेल तर गती जास्त आहे. मग लाजायचं नाही, चालायला लागायचं. श्वास परत जागेवर आला की पुन्हा धावायचं.

हे एवढं हळू धावून काय होणार, असं प्रत्येक जण विचारतो. स्टीफन सायलर या संशोधकाने दीर्घ पल्ल्याच्या अव्वल खेळाडूंचा सराव तपासला तेव्हा त्यांच्या सरावसत्रांपैकी साधारण ८० टक्के सत्रं हलक्या गतीची निघाली. जे जिंकण्यासाठी धावतात ते बहुतेक वेळा हळू धावतात, आणि जे तब्येतीसाठी धावतात ते रोज दम काढतात, हे उलटं चित्र मी टेकडीवर रोज पाहतो. हृदय आणि श्वास काही आठवड्यांत सुधारतात. स्नायूबंध, घोटे, हाडं यांना महिने लागतात. श्वास साथ देतो म्हणून पायांना झेपेल असं नसतं. तुमच्या पोटऱ्यांचं जे झालं ते नेमकं हेच आहे.

आता मातीचा प्रश्न. "डांबर गुडघे खातं, माती वाचवते" हे सगळीकडे ऐकायला मिळतं, पण ते पूर्ण खरं नाही. जमीन मऊ लागली की शरीर पाय थोडा ताठ करतं आणि कठीण लागली की थोडा सैल सोडतं. १९९० च्या दशकात बर्कलेच्या प्रयोगशाळेत हे मोजून पाहिलेलं आहे. त्यामुळे मातीवर धावलं म्हणून गुडघ्यावरचा भार अर्धा होतो असं नाही. मातीचा फायदा मला दुसरीकडे दिसतो. रस्त्यावर प्रत्येक पाऊल आधीच्यासारखंच पडतं आणि त्याच जागी हजारो वेळा ताण येतो. पायवाटेवर दोन पावलं सारखी नसतात. ताण वाटला जातो, घोट्याभोवतीचे लहान स्नायू कामाला लागतात, आणि मुख्य म्हणजे गती आपोआप कमी होते. याची दुसरी बाजू अशी की गुडघ्याऐवजी घोटा मुरगळण्याची शक्यता वाढते. म्हणून रोज दात घासताना एका पायावर उभं राहा, मग दुसऱ्या. पायरीच्या कडेवर टाचा वर-खाली करा, सावकाश, पंधरा-पंधरा वेळा. हे कंटाळवाणं आहे, पण टेकडीवर धावणाऱ्यासाठी यापेक्षा उपयोगी व्यायाम मला माहीत नाही.

गुडघ्यांची भीती मात्र मनातून काढा. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात हौसेने धावणाऱ्यांमध्ये गुडघ्याच्या किंवा खुब्याच्या संधिवाताचं प्रमाण ३.५ टक्के, बैठ्या माणसांत १०.२ टक्के आणि स्पर्धेत उतरणाऱ्यांत १३.३ टक्के आढळलं. ज्यांचे सांधे मुळात चांगले तेच धावत राहतात, हेही त्यात मिसळलेलं असणार; तरी हौशी धावण्याने गुडघे झिजतात या समजाला त्यातून आधार मिळत नाही. तुमच्या वाटीभोवतीचं दुखणं जिना उतरताना वाढतं का, बराच वेळ बसून उठताना जाणवतं का, ते बघा. तसं असेल तर ते बहुधा मांडीचे आणि कुल्ल्याचे स्नायू कमजोर असण्याशी जोडलेलं असतं आणि व्यायामाने सुधारतं. गुडघ्याला सूज असेल, तो अडकत असेल किंवा अचानक दगा देत असेल तर धावणं थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. आणि रक्तदाब, मधुमेह किंवा चालताना छातीत दाटून येण्याचा काही इतिहास असेल तर पहिल्या फेऱ्याआधी डॉक्टरांशी बोलून घ्या. यात आडपडदा नको.

सरावाची आखणी साधी ठेवतात ती माणसं टिकतात. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेक दिवस सोडून. पहिले दोन आठवडे फेरा झपझप चाला. तिसऱ्या आठवड्यापासून तीन मिनिटं चालणं, एक मिनिट धावणं; धावण्याचं मिनिट सपाट तुकड्यावर येईल असं बघा. चढ आला की चाला, उतार आला तरी चाला. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच वजन झेलतात, म्हणून उतारावर दम लागत नाही पण मोडतोड जास्त होते. दोन आठवडे काही दुखलं नाही तर दोन मिनिटं चालणं, दोन मिनिटं धावणं. मग उलट, एक चालणं, तीन धावणं. फेऱ्याचा एकूण वेळ तोच, तीस-पस्तीस मिनिटं. वेळ आणि धावण्याचं प्रमाण दोन्ही एकाच आठवड्यात वाढवू नका. दर चौथा आठवडा हलका ठेवा. दुखण्याचा माझा नियम असा: फेऱ्यानंतर अंग जड झालं, दुसऱ्या दिवशी सकाळी मोकळं झालं, तर ठीक. सकाळी उठून पहिलं पाऊल टाकताना तीच जागा पुन्हा दुखली तर एक पायरी मागे या.

पाऊल लहान टाका. लांब टांग टाकली की टाच शरीराच्या बरीच पुढे पडते आणि गुडघा झटका खातो, खडीवर घसरतोही. पाऊल अंगाखालीच पडलं पाहिजे. नजर पायांवर नको, तीन-चार मीटर पुढे. झाडीत पाहायला खूप काही असतं, पण मोर दिसला तर थांबून बघा, धावत धावत मान वळवू नका. घोटे मुरगळण्याची निम्मी कारणं इथेच असतात.

बुटांवर आत्ताच मोठा खर्च करू नका. तुमचे रस्त्यावर धावायचे बूट, तळ गुळगुळीत झालेले नसतील, तर उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात चालतील. तळ फार पातळ मात्र नको. बाभूळ आणि बोरीचे काटे पातळ तळातून सरळ आत येतात. पावसाळ्यात खोल खाचांचा तळ लागतो, पण ओल्या कातळावरच्या शेवाळावर कुठलाच तळ धरत नाही. तिथे चालायचं, तेही कडेच्या गवताला धरून.

ऋतूंबद्दल जरा थांबून लिहितो, कारण ही टेकडी दर तीन महिन्यांनी वेगळी होते आणि फेराही तिच्याबरोबर बदलावा लागतो. वर जी झाडी आहे तिच्यात मोठा भाग गिरिपुष्पाचा, म्हणजे उंदीरमारीचा. हे मूळचं मध्य अमेरिकेकडचं झाड. उजाड टेकड्या लवकर हिरव्या दिसाव्यात म्हणून लावलं गेलं. पावसाळ्यात ते गर्द असतं, पण हिवाळ्यात पान गाळतं आणि फेब्रुवारीच्या सुमारास निष्पर्ण फांद्यांवर गुलाबी फुलं येतात. म्हणजे ज्या महिन्यांत ऊन तापायला लागतं त्याच महिन्यांत सावली जाते. झाडीतली वाट आहे म्हणून मार्च-एप्रिलमध्ये उशिरा निघालात तर चालणार नाही; सातच्या आत फेरा संपवायचा. गळलेली पानं वाटेवर साचतात आणि त्यांच्याखाली सुटे दगड लपतात, तेव्हा जानेवारीत पाऊल जास्त जपून. याच दिवसांत गिरिपुष्पाच्या मधूनमधून उरलेली मूळची झाडं ओळखता येतात: गणेरीची मोठी पिवळी फुलं बिनपानाच्या झाडावर, सालई, पळस, पांगारा. चालण्याचे टप्पे तिथे घ्या.

जून ते सप्टेंबर माती दबते, धूळ बसते, हवा गार असते. धावायला हा उत्तम काळ, घसरण सोडली तर. मोरांचे आवाज सगळीकडून येतात आणि पावसाच्या सुरुवातीला नवरंग झाडीत शीळ घालत असतो. ऑक्टोबरात गवत वाळतं आणि कुसळं मोजांत घुसतात. उंच मोजे घाला आणि गवतातल्या पायवाटा सोडून रुंद मुरमाच्या वाटेवर राहा. हेच दिवस सापांच्या दृष्टीनेही जपायचे. खडकाळ, गवताळ टेकड्यांवर फुरसं असतं, घोणसही असते. दोन्ही विषारी आहेत आणि दोन्ही माणसाच्या मागे लागत नाहीत. पाय पडला किंवा फार जवळ गेलं तर चावतात. म्हणून उजेडातच धावा, गवतात पाय घालू नका, आणि चावलंच तर जखम कापणं, चोखणं, घट्ट बांधणं यात वेळ न घालवता, तो अवयव न हलवता, ११२ ला फोन करून सरळ मोठं रुग्णालय गाठा. उन्हाळ्यात गवत पेटतं. धूर दिसला की वाऱ्याच्या उलट दिशेला निघा आणि अग्निशमन दलाला कळवा.

हिवाळ्यात पुण्यात सूर्य सातच्या सुमारास उगवतो. त्याआधी झाडीत अंधार असतो. बॅटरी लावून जाणारे आहेत, पण नवख्याने आणि एकट्या बाईने ते करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. एखादी मैत्रीण सोबत घ्या. बोलण्याची कसोटीही आपोआप पाळली जाईल. कानात इअरफोन नको. मोबाइल जवळ ठेवा, घरी कुठल्या बाजूने चढणार ते सांगून निघा. वन विभागाने फाटकावर वेळा लावलेल्या असतात, त्या वाचा आणि पाळा. भटकी कुत्री अंगावर आली तर धावणं लगेच थांबवा, शांत चालत बाजूने जा. पळणाऱ्याच्या मागे ती लागतातच. अर्ध्या तासाच्या फेऱ्याला पाण्याची बाटली लागत नाही, घरून पेलाभर पिऊन निघा. एप्रिल-मेमध्ये मात्र बाटली हवी.

आणखी एक गोष्ट, जी विचारली नाहीत पण सांगितल्यावाचून राहवत नाही. वाट सोडून जवळचा रस्ता काढू नका. वळणावर चार जणांनी गवत तुडवलं की पावसाचं पाणी त्याच चरातून धावतं, दोन पावसाळ्यांत तिथली माती जाते आणि खाली नुसता घसारा उरतो. उघड्या जमिनीवर टिटवी अंडी घालते. उन्हाळ्यात ती डोक्यावर ओरडत घिरट्या घालायला लागली तर तुम्ही तिच्या घरट्याजवळ आहात, पाय बघून टाका आणि बाजूला व्हा. ही टेकडी फोडून रस्ता आणि बोगदे करण्याच्या योजनेविरुद्ध २०२३ च्या एप्रिलमध्ये पुणेकर मोठ्या संख्येने रस्त्यावर उतरले होते. आपण जे तिथे धावतो, त्यांच्यावर ती जपण्याची जबाबदारी इतरांपेक्षा थोडी जास्तच आहे.

राहिली डिसेंबरची शर्यत. आत्ताच नाव घालू नका. आधी पठारावर सलग ४० मिनिटं, गप्पा मारत, न चालता धावता आलं पाहिजे, आणि त्यानंतर दोन आठवडे गुडघा शांत राहिला पाहिजे. हे सप्टेंबरअखेर जमलं तर जरूर उतरा. शर्यत डांबरावर असेल, तेव्हा शेवटचे सहा आठवडे तीनपैकी एक दिवस रस्त्यावर धावा, पहिल्यांदा वीस मिनिटं, मग हळूहळू वाढवत, म्हणजे पोटऱ्यांना कठीण जमिनीची सवय होईल. उरलेले दोन दिवस टेकडीवरच. सप्टेंबरअखेर जमलं नाही तर पुढच्या वर्षी उतरा आणि हा हिवाळा पठारावर काढा. त्याच महिन्यांत देवळापर्यंतचा तो शेवटचा चढही फेऱ्यात घ्या, अर्थात चालत.